बुटांचा पाढा

सरांना किळस यायला फार काही लागायचं नाही. समोरच्यानं चहाचा घोट आवाज करून घेतला, की ते आपला कप खाली ठेवत. एका कारकुनानं जिभेला बोट लावून कागद सुटा केला आणि पुढे केला, तेव्हा त्यांनी तो हातात घेतलाच नाही; दुसरा काढा म्हणाले, आणि कोरड्या बोटानं काढा म्हणाले. त्यांच्या शर्टाची घडी सकाळी शाळा भरताना जशी असे तशीच सुटतानाही असे. म्हणून माघारी सगळे त्यांना इस्त्रीसर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

बावीस वर्षं ते नववी-दहावीला गणित शिकवत आले होते. ती मुलं आपापली नाकं आपापली पुसत. सर फळ्यापाशी, मुलं बाकांवर, मधे चांगलं चार हात अंतर. सगळं कसं कोरडं, टापटीप चाललं होतं.

मग दुसरीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, आणि मुख्याध्यापिकांनी सरांना बोलावून घेतलं. मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची.

"एकच सत्र काढायचंय सर. आणि गणितच तर आहे."

"बाई, लहान मुलांचं मला..."

"गुणाकाराची ओळख करून द्यायची. आडव्या ओळी, उभ्या ओळी. तुमच्या तर डाव्या हातचा मळ!"

त्यातल्या मळ या शब्दानंच सरांच्या अंगावर काटा आला. पण मोठ्या बाईंना नाही म्हणायची शाळेत रीत नव्हती.

दुसरीचा वर्ग तळमजल्यावर, अगदी कोपऱ्यात. आत बाकं नव्हती, चटया होत्या; त्यामुळे मुलं बूट बाहेर काढून आत जात. व्हरांड्यात दाराला लागूनच चौकोनी खणांची एक लाकडी मांडणी उभी होती. दर मुलाचा एक खण. चोवीस मुलांचे अठ्ठेचाळीस बूट, त्यांत कोंबलेले ओलसर मोजे, हे सगळं दिवसभर तिथे उबत असे. पहिल्या दिवशी दारातून शिरताना सरांनी जो श्वास कोंडला, तो पलीकडच्या खिडकीशी पोचल्यावरच सोडला.

आतली तऱ्हा वेगळी होती. कुणाच्या नाकाखाली दोन समांतर रेषा वाळलेल्या. कुणी खोडरबर चघळतंय, कुणी चटईचा धागा. एका पोरानं आपणहून येऊन सरांच्या हातात हात घातला. तो हात ओला होता. कशानं, ते विचारायची सरांची छाती झाली नाही.

रजेवर गेलेल्या बाई कामाच्या पक्क्या होत्या. त्यांनी रंगीत बटणांचा एक डबा आणि एक वही ठेवली होती. वहीत लिहिलं होतं, "आधी तीन ओळी, दर ओळीत चार बटणं. मुलांनाच मांडू द्या. पाढा मागाहून." सरांना हे मनापासून पटलं. नववीत त्यांना अशी कितीतरी पोरं भेटली होती, की तीसपर्यंतचे पाढे घडाघडा म्हणतील, पण आयताचं क्षेत्रफळ काढताना लांबी नि रुंदीचा गुणाकारच का करायचा, म्हटलं की सांगतील, "तसा नियम आहे सर." न पचलेलं बाहेर पडावं तसं ते उत्तर सरांना वाटे.

म्हणून त्यांनी उत्साहानं बटणं वाटली. दहा मिनिटांत त्यातली निम्मी तोंडात गेली होती. मुलं बटण चोखत, बाहेर काढत, ओळीत ठेवत, परत उचलत. चटईवर चिकट, चकाकणाऱ्या ओळी लागल्या. मधेच एक गुबगुबीत पोरगा उभा राहिला आणि अगदी शांतपणे म्हणाला, "सर, माझं जांभळं नाकात गेलं."

सर नुसते रुमाल चाचपत राहिले. धावत आल्या त्या मावशी. वर्गांची झाडलोट, पोरांचं हवं-नको, घंटा, सगळं त्याच बघत. त्यांनी पोराची एक नाकपुडी अंगठ्यानं दाबली आणि म्हणाल्या, "शिंकर रे राजा. हं, जोरात!"

राजा शिंकरला. बटण बाहेर आलं. एकटं आलं नाही. आणि जे आलं ते सरांच्या बाहीवर आलं.

घरी सर आणि त्यांची थोरली बहीण अशी दोघंच राहत. ताई तीस वर्षं दवाखान्यात नर्स होती. तिला कशाचीच किळस येत नसे.

"ताई, मी उद्यापासून जाणार नाही."

"बटण निघालं ना?"

"बटणाचं काय विचारतेस! माझी बाही..."

"बाही धुता येते रे. आमच्या वॉर्डात एकदा एक म्हातारा..."

"ताई, मी जेवतोय."

"तेच म्हणते, जेव. आणि उद्या जा. पोरं काही नाकासाठी जन्माला आलेली नसतात, मागे डोकंही असतं."

सर गेले, पण बटणांचा डबा त्यांनी कपाटात ठेवला आणि फळ्यावर ठिपके काढून शिकवू लागले. हात लावायलाच नको. पोरं ठिपक्यांकडे बघून जांभया द्यायची. चार ओळी, दर ओळीत तीन ठिपके, तर एकूण किती, म्हटलं की एकापासून बोटं मोडत मोजायची, आणि मधे कुणी शिंकलं की परत एकापासून.

आठवडा असा गेला. एका सकाळी मुलांनी बूट खणांत ठेवले होते, आत शिरायची होती, आणि सर नाकाला रुमाल लावून दारात थांबले होते. मुलांकडे बघायला नको म्हणून ते मांडणीकडे बघत राहिले. आणि बघता बघता त्यांचा रुमाल खाली आला. एका आडव्या ओळीत सहा खण. अशा चार ओळी. दर खणात एक जोड. ज्याच्याकडे नजर टाकायची त्यांना शिसारी येत होती, तीच मांडणी वहीत लिहिलेल्या ओळींसारखी समोर उभी होती. आणि मुख्य म्हणजे यातलं काही कुणी तोंडात घालणार नव्हतं.

त्यांनी मावशींकडून जुनी वर्तमानपत्रं मागवली, एकेका ओळीवर एकेक पान टाचण्यांनी लावलं, आणि मुलांना व्हरांड्यातच बसवलं.

"आता मी पहिला पडदा काढणार. किती जोड?"

"सहा!"

दुसरं पान निघालं. "आता?"

निम्मा वर्ग बोटं नाचवत एकापासून मोजायला लागला. पुढ्यात बसलेली एक मुलगी मोजत नव्हती. वर्गातली सगळ्यात ठेंगणी. मुलं तिला बुटकी म्हणत. थोरल्या भावाचे, तीन बोटं मोठे बूट ती पायात अडकवून यायची. एका बुटाला नाडीच्या जागी विजेच्या तारेचा तुकडा होता, दुसऱ्याचा तळ जबड्यासारखा उघडायचा. आपलं नाव या बुटांवरूनच पडलंय अशी तिची समजूत होती, म्हणून ती बुटकी म्हटलं की खुशीनं ओ द्यायची.

"तू का मोजत नाहीस?" सरांनी विचारलं.

"खालची ओळ वरच्या ओळीएवढीच आहे ना सर. परत कशाला मोजायचं?"

सरांनी तिसरं पान काढलं, चौथं काढलं. चार वेळा सहा. चोवीस. पोरं टाळ्या पिटायला लागली.

"आता याच मांडणीकडे उभं बघा. वरून खाली. एका उभ्या ओळीत किती?"

पोरांना ते दिसेना. वरून खाली येताना नजर बाजूला घसरे. तेवढ्यात बुटकी व्हरांड्याच्या फरशीवर गाल टेकून आडवी झाली.

"सर, असं पडलं की उभ्या ओळी आडव्या होतात! चार, चार, चार..."

झालं. चोवीसच्या चोवीस पोरं धबाधब आडवी झाली. जिथून दिवसभर शंभर पाय जात होते, त्या फरशीवर गाल टेकून. "शी! उठा! उठा आधी!" सर ओरडले, आणि त्याच दमात, स्वतःलाही न कळता, "किती वेळा चार?"

"सहा वेळा!"

"म्हणजे जोड किती?"

"चोवीस!"

"मघाशीही चोवीसच. मधे कुणी नवा जोड आणून ठेवला?"

"नाही!"

"कुणी उचलून नेला?"

"नाही!"

"मग?"

बुटकी पडल्या पडल्या म्हणाली, "बूट कुठे हलले सर? आपणच आडवे पडलो."

बावीस वर्षांत सरांना कुणी इतकं चोख उत्तर दिलं नव्हतं. ते ऐकायला ते वाकले आणि मांडणीच्या इतके जवळ गेले, की तो आंबट, कोंदट वास थेट घशात उतरला. तरी ते सरकले नाहीत.

पुढचे दोन आठवडे मांडणीचाच धडा चालला. दर खणाला पत्ता मिळाला. "आडवी दोन, उभी पाच कोण?" म्हटलं की तो गुबगुबीत पोरगा "मी!" म्हणून उडी मारायचा. बुटकीचा पत्ता आडवी तीन, उभी दोन. एक ओळ झाकली की तीन वेळा सहा. दोन उभ्या झाकल्या की चार वेळा चार. पोरं एकापासून मोजायची थांबली. सरांची किळस काही कमी झाली नव्हती; ते रोज घरी जाऊन कोपरापर्यंत हात धूत. पण धुता धुता ताईला सांगत, "आज त्या बुटकीनं काय केलं माहितीय?"

एक दिवस मोठ्या बाई व्हरांड्यातून जाताना थबकल्या आणि पूर्ण तासभर उभ्या राहिल्या.

"सर, काय सुंदर! शुक्रवारी संस्थेचे लोक येताहेत, अध्यक्ष स्वतः. नव्या माहितीपुस्तिकेसाठी फोटो काढायचेत. हाच पाठ घ्या. मांडणीला रंग लावून घेते मी. आणि मुलांना सांगा, बूट पॉलिश करून आणा म्हणावं."

सर हरखून गेले. इतकी वर्षं त्यांच्या तासाला कुणी कॅमेरा घेऊन आलं नव्हतं. त्या रात्री त्यांनी दोन शर्टांना इस्त्री केली आणि त्यातला कुठला घालायचा ते ताईला तीनदा विचारलं.

शुक्रवारी सगळी पोरं चकाचक आली. बुटकीनंही पॉलिश केलं होतं. कुठून तरी काळं मिळवून तिनं दोन्ही बूट तर रंगवलेच, पण ती तारही रंगवली होती. हात कोपरापर्यंत काळे. सरांनी ते पाहिलं, एक पाऊल मागे सरकले आणि म्हणाले, "छान. जा, हात धू."

पॉलिश मळू नये म्हणून पोरांनी बूट खणांत ठेवले, आणि प्रार्थनेसाठी सगळी शाळा मैदानावर गेली. परत आल्यावर सर मांडणीपुढे उभे राहिले. नवा पांढरा रंग, काळेभोर जोड, ओळी कशा फूटपट्टीनं आखलेल्या. आणि आडवी तीन, उभी दोन या खणात कोरे करकरीत बूट. नाड्या अजून सुटलेल्याही नव्हत्या. गणवेशाच्या भांडारातले असावेत, हे सरांना एका नजरेत कळलं.

"मावशी, हे?"

मावशी जमिनीकडे बघत म्हणाल्या, "मोठ्या बाईंनी लावायला सांगितले."

"आणि तिचे?"

पण पाहुणे जिन्याच्या वळणावर आले होते. अध्यक्ष पुढे, मागे चारपाच माणसं, फोटोग्राफर. सरांनी घसा खाकरला आणि पुन्हा विचारलं नाही.

पाठ फारच रंगला. पडदे निघाले, आरोळ्या उठल्या, पोरं आडवी झाली तेव्हा पाहुणे खो खो हसले. अध्यक्षांनी बुटकीला जवळ बोलावलं. "बाळ, तुझे बूट कुठले ते दाखव बरं."

"आडवी तीन, उभी दोन," ती म्हणाली, आणि तरातरा गेली. खणाशी जाऊन थांबली. आत बघितलं. मग वळून म्हणाली, "हे माझे नाहीत."

मोठ्या बाई हसल्या. "तुझेच गं सोन्या! शाळेनं ठेवले तुझ्यासाठी."

बुटकीनं त्यांच्याकडे बघितलं नाही. सरांकडे बघितलं. उत्तर बरोबर आलं की चूक, हे तिला सरच सांगत असत.

"सर, माझे?"

आणि सरांनी मान हलवली.

एवढंच. तोंडानं हो म्हटलं नाही, नुसती होकाराची मान हलवली. पाठ बिघडू नये म्हणून. पुढे काय झालं ते त्यांना नंतर तुकड्या-तुकड्यांनी आठवत राहिलं: मोठ्या बाई स्वतः वाकून नाड्या बांधताहेत, अध्यक्षांचा हात बुटकीच्या डोक्यावर, "अशा गरजू लेकरांसाठी आपली संस्था," असं काहीतरी, टाळ्या, फ्लॅशचा झोत. बुटकी एवढी हसत होती की फोटोग्राफरनं तिला तोंड जरा मिटायला सांगितलं.

नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा झाला. अध्यक्षांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. सगळं आटोपून सर तासाभरानं खाली आले तेव्हा पाहुण्यांमुळे शाळा लवकर सुटलेली होती. व्हरांडा रिकामा होता. मांडणीला टेकून बुटकी उभी होती, अनवाणी, एका पावलावर दुसरं पाऊल ठेवून.

"घरी नाही गेलीस?"

"मावशींनी बूट काढून घेतले सर. फोटोपुरते होते म्हणाल्या. तळ घासला तर दुसरं कुणी घेणार नाही." तिनं नाक वर ओढलं. "माझे कुठायत?"

सरांच्या तोंडाला कडवट पाणी सुटलं. बटण बघून, ओले हात बघून जे व्हायचं तेच, पण या वेळी समोर काहीच घाण नव्हतं. स्वच्छ पांढरी मांडणी होती, आणि ते होते.

मावशी जिन्याखाली झाडू ठेवत होत्या. सरांनी विचारायच्या आधीच म्हणाल्या, "मागच्या पिंपात. टाक म्हणाल्या, दिसताहेत तरी कसे. मी काय करू सर? माझ्या घरीही खाणारी तोंडं आहेत."

कँटीनच्या मागे तीन पिंपं होती, छातीइतकी उंच. पहिल्याचं झाकण काढताच माशांचा गोळा वर उठला. सरांनी रुमाल काढला, नाकाला लावला. मग लक्षात आलं, एका हातानं हे काम होणारं नाही. रुमाल खिशात गेला. बाह्या दुमडायला सुरुवात केली, आणि एक दुमड घालून ते पिंपात वाकले.

वर केळीच्या साली होत्या, मऊ पडलेल्या. त्याखाली डब्यांतलं उष्टं, आंबलेलं, गरम. वरून गार दिसणारं ते आतून गरम होतं, हे त्यांच्या हातांना कळलं आणि त्यांना उमासा आला. तोंड बाजूला करून ते दोनदा ओकले. तोंड पुसायला हात वर नेला आणि तसाच थांबवला. परत वाकले. काहीतरी बुळबुळीत मनगटावरून सरकत बाहीत शिरलं. पहिल्या पिंपात नव्हते. दुसऱ्यात, चहाच्या चोथ्याखाली एक लागला, तारेवाला. दुसरा त्यांना तळाशी सापडला, तेव्हा ते कमरेपर्यंत आत होते. तो उपडा केला तर आतून दूध नासल्यासारखं काहीतरी गळलं.

नळाखाली त्यांनी दोन्ही बूट धुतले. बोटं आतपर्यंत घालून, नखांनी खरवडून. बुटकी शेजारी उकिडवी बसून बघत होती.

"सर, तुम्ही ओकलात."

"हो."

"मावशी म्हणाल्या, तुम्हाला सगळ्याची शी वाटते."

"वाटते."

"माझ्या बुटांची?"

खोटं बोलायला ही वेळ चांगली होती. पण सकाळचं एक खोटं अजून घशाशी होतं. "वाटते," ते म्हणाले. "पण आज त्यांची नाही वाटली तेवढी."

तिनं ओले बूट पायात घातले आणि पचपच आवाज करत फाटकाकडे गेली.

सर तसेच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. बाईंनी मान वर केली आणि खुर्ची मागे सरकवली. "सर! अहो, आधी स्वच्छ होऊन तरी या."

"त्या मुलीला ते नवे बूट द्या बाई."

"असे कसे देऊ? भांडारातला माल आहे तो."

"अध्यक्षांना वाटलं, दिले."

"त्यांना काय वाटावं ते मी कशी ठरवणार?" बाईंनी खिडकी उघडली. "आणि त्या फाटक्या बुटांनी एवढ्या सुंदर पाठाचा विचका झाला असता. तुमच्याच पाठाचा. तिनं विचारलं, तेव्हा मान कुणी हलवली? मी?"

सर घरी गेले. ताईनं दार उघडलं, वास घेतला, आणि काही न विचारता पाणी तापत ठेवलं. सर आंघोळीहून आल्यावर तिनं सगळं ऐकून घेतलं. सगळ्यात शेवटी म्हणाली, "पिंपाचं बरं केलंस. पण मान हलवलीस ते पाण्यानं जायचं नाही हं."

सोमवारी शाळा भरायच्या वेळी फाटकापाशी बुटकीची आई उभी होती. ती लाँड्रीत कामाला होती; पाण्यानं पांढरी पडलेली बोटं, हातात तो बुटांचा जोड. मोठ्या बाई मुलांना आत घेत होत्या, आजूबाजूला पालक होते.

"माझ्या पोरीचे बूट कचऱ्यात कुणी टाकले?" तिनं आवाज चढवला नव्हता. "काल दिवसभर उन्हात ठेवले, तरी वास जात नाही. पोरगी सांगते, सरांनी काढून दिले. पण टाकले कुणी, ते तिला ठाऊक नाही."

"काहीतरी गैरसमज..." मोठ्या बाई म्हणाल्या.

"गैरसमज नाही," सर म्हणाले. ते सायकल हातात धरूनच उभे होते. "बाईंनी टाकायला लावले, फोटोत चांगले दिसणार नाहीत म्हणून. त्यांच्या जागी नवे ठेवले. तुमच्या मुलीनं मला विचारलं, हे माझे का. मला ठाऊक होतं, तिचे नाहीत. मी हो म्हणून मान हलवली."

पालकांत कुजबुज झाली. मोठ्या बाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी मावशींना हाक मारली आणि घाईघाईनं म्हणाल्या, "भांडारातून तो जोड आण. आत्ता आण. आम्ही देणारच होतो."

बुटकीच्या आईनं आधी बाईंकडे बघितलं, मग सरांकडे. दोघांकडे सारखंच.

"शी," ती म्हणाली. "ठेवा ते तुमच्या फोटोला." आणि पोरीच्या पायात जुने बूट चढवून, तार आवळून, कामावर निघून गेली.

त्या दिवशी मुलं नेहमीसारखी बूट काढून आत आली. बुटकीही काढून आत आली, पण बूट हातात घेऊन. चटईवर बसली आणि जोड मांडीवर ठेवला. आडवी तीन, उभी दोन हा खण रिकामा राहिला.

"बाहेर ठेव ना गं, वास येतो," शेजारची पोरगी म्हणाली.

बुटकी हलली नाही. वर्ग सरांकडे बघायला लागला. पिंपाचा तो आंबट वास सरांपर्यंत पोचला होता, त्यांनी खिडक्या उघडल्या, तोंडानं श्वास घेतला आणि म्हणाले, "राहू दे. आज तेवीस जोडांचं बघू. सहा-सहाच्या किती ओळी पूर्ण भरतात?"

"तीन!" बुटकीच सगळ्यांत आधी म्हणाली. "आणि एकीला भोक आहे."

सरांनी अध्यक्षांना पत्र लिहिलं, आपल्या मानेसकट सगळं. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी माहितीपुस्तिका आली. फोटो होता, पण असा कापलेला की बुटकी गुडघ्यांपासून खालीच दिसत होती; नवे बूट, बांधलेल्या नाड्या, आणि मागे मांडणी. सरांनी ती पुस्तिका दोन बोटांनी उचलली, टेबलाच्या कडेला ठेवली, आणि जाऊन हात धुतले.

सत्र संपलं. दुसरीच्या बाई रजेवरून परत आल्या, आणि सरांनी त्यांना वर्ग सोपवला: हजेरी, वही, बटणांचा डबा. पोरं पाढे शिकली होती, आणि कुठून येतात तेही सांगत होती. बाई खूश झाल्या. मग मांडणीपाशी थांबून त्यांनी विचारलं, "हा खण रिकामा का? तेवीसच मुलं आहेत?"

"चोवीस," सर म्हणाले, आणि त्यांनी सगळं सांगितलं. मानेचा भाग आला तेव्हा त्यांना तोंडात तेच कडवट पाणी आलं. ते थांबले, गिळलं, आणि तोही सांगितला.

बाईंनी त्या रिकाम्या खणावरून बोट फिरवलं. "आता ठेवील का ती बूट बाहेर?"

"तुम्ही विचारून बघा," सर म्हणाले. "मला ती नाही म्हणते."